रानटी कोण? : ‘रानातील प्रकाश’ची एक चिकित्सा

‘सुसंस्कृत’ आणि ‘रानटी’ ही विशेषणे वरवर वर्णनात्मक वाटली, तरी ती निवाड्याची विशेषणे आहेत; आणि हा निवाडा आजवर बहुधा बलवंतांनीच दिलेला आहे. या निवाड्याची फेरतपासणी करणारी एक कादंबरी मराठी वाचकास सुदैवाने उपलब्ध आहे. अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टर यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रानातील प्रकाश’ या नावाने मराठीत आणली.

कथानक १७६४ सालचे आहे. चौथ्या वर्षी पळवून नेलेला एक गोरा मुलगा लेनापे या आदिवासी जमातीत वाढतो. कायलोगा त्याला आपल्या मृत पुत्राच्या जागी दत्तक घेतो आणि ‘ट्रू सन’ म्हणजे ‘खरा पुत्र’ असे नाव देतो. अकरा वर्षांनी कर्नल बुके याच्या फौजेच्या धाकाने त्याला जन्मदात्यांकडे परतावे लागते. रक्ताने गोरा, संस्काराने लेनापे असा हा मुलगा म्हणजे जन्मसिद्धांतावरील चालते-बोलते प्रश्नचिन्हच होय. माणसाची प्रकृती जन्माने ठरत असती, तर त्याला गोऱ्यांचे घर तुरुंगासारखे का वाटावे? वृक्ष, कीटक, पशुपक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे निसर्गतः आढळतात, मनुष्यात ती आढळत नाहीत, हा सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्ताचा सिद्धांत येथे एका पोरक्या मुलाच्या वेदनेतून प्रत्ययास येतो.

मुलाचा काका विल्स हा पॅक्स्टन टोळीतला. या टोळीने डिसेंबर १७६३ मध्ये कोनेस्टोगा जमातीच्या वीस निरपराध माणसांची कत्तल केली; हा इतिहास आहे. त्यांत लहान मुलेही होती. चर्चमध्ये प्रार्थना करणारी ही माणसे स्वतःस सुसंस्कृत म्हणवीत होती. परंतु रिक्टर तेथेच थांबत नाहीत, आणि हेच या कादंबरीचे खरे सामर्थ्य होय. आपले लोक मुलांना मारीत नाहीत, असे ट्रू सन अभिमानाने सांगत आलेला असतो. पुढे आपल्याच माणसांनी सोलून आणलेली एका बालकाची शिरस्त्वचा त्याच्या दृष्टीस पडते. यानंतर नदीतून जाणाऱ्या गोऱ्यांच्या नौकेला फसवून काठाकडे आणण्याचे काम त्याच्यावर सोपविले जाते. नौकेतील एक लहान मूल पाहून त्याला धाकट्या भावाची आठवण होते आणि तो ओरडून त्यांना सावध करतो. या करुणेची शिक्षा म्हणजे टोळीतून हद्दपारी. कायलोगा त्याचा जीव वाचवितो, पण पुत्र म्हणून त्याचा त्याग करतो.

रानटीपणा कोणा एका वंशाची मिरास नाही. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची मुळे राजवाड्यात रुजतात, तशी रानातही रुजतात. मात्र एवढ्याने दोन्ही बाजू समान ठरत नाहीत. भूमी कोणाची हिरावली गेली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत बसून ही कादंबरी वाचणाऱ्यास रायगड जिल्ह्यातील कातकरी आठवल्यावाचून राहणार नाही. खैरापासून कात काढणारा हा समाज जंगल-कायद्यांनी रानाला पारखा झाला आणि वीटभट्ट्यांवर पोहोचला; वर ‘जंगली’ हे दूषण त्याच्याच माथी. १९४८ साली ‘अस्पृश्य’विषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदिवासी, गुन्हेगार ठरविलेल्या जमाती आणि अस्पृश्य निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणावे काय, असाच प्रश्न केला होता. ज्या तळ्यावर पशूंना मज्जाव नव्हता, तेथे माणसांना पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. ते महाडही याच जिल्ह्यात आहे.

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन्ही काठांनी नाकारलेल्या मुलास रिक्टर तिसरा मार्ग दाखवीत नाहीत. नदीच्या उतारावर पिता-पुत्रांची ताटातूट होते आणि कथा संपते. कादंबरीकारावर मार्ग दाखविण्याचे बंधन नाही, हे मान्य. तथापि वाचकास तो शोधावाच लागतो. महासागरास मिळाल्यावर नद्या आपली पूर्वीची नावे टाकून देतात, तसे संघात प्रवेशणारे चारही वर्ण आपली नामगोत्रे टाकून देतात, असे तथागतांनी सांगितले. नागावच्या दक्षिणेस रेवदंड्यापाशी कुंडलिका समुद्राला मिळते. पुढे तिचे पाणी वेगळे ओळखता येत नाही. ट्रू सनला असा समुद्र लाभला नाही. कातकऱ्याच्या मुलाला तो लाभेल की नाही, हे मात्र रिक्टर यांच्यावर नव्हे, आपल्यावर अवलंबून आहे.