वेष आणि माणूस : लिन्सखोटेनच्या चित्रांविषयी

पांढुर्णा किंवा सौंसर येथील बाजारात उभे राहून आज कोणाच्या वस्त्रावरून त्याचा धंदा ओळखू गेलो, तर बहुधा आपण फसू. संत्र्यांचा व्यापारी व शाळामास्तर यांचे सदरे एकाच दुकानातून आलेले असावयाचे. सोळाव्या शतकातील युरोपात मात्र वस्त्र हीच माणसाची ओळख मानीत, व त्या समजुतीतूनच निरनिराळ्या वेषांचे चित्रसंग्रह छापले गेले.

त्यांपैकी आपल्या प्रदेशाशी निगडित असलेला ग्रंथ म्हणजे यान व्हान लिन्सखोटेन याचा 'इतिनेरारियो' (अॅम्स्टरडॅम, १५९६). हा डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून आला व सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. त्याच्या रेखाटनांवरून डूटेकम घराण्यातील कोरकांनी ताम्रपट तयार केले. पालखीतील पोर्तुगीज सरदार, ब्राह्मण, खंबायतचा व्यापारी, गोव्याकडील शेतकरी व त्याची स्त्री असे सर्व त्यांत आहेत. वस्त्रे बारकाईने टिपलेली आहेत. देह मात्र रोमन पुतळ्यांचे! कोरकांनी ही माणसे कधी पाहिलीच नव्हती.

योस्ट आमानच्या १५६८ सालच्या काष्ठचित्रांशी ही चित्रे ताडून पाहावी. त्या ११४ चित्रांस पद्ये जोडणारा हान्स झाक्स स्वतः चांभार होता. तेथील कारागीर आपापल्या कामात गढलेले आहेत. लिन्सखोटेनचा शेतकरी मात्र पाहणाऱ्यापुढे नमुन्यासारखा उभा आहे. माझ्या मते या संग्रहाचा खरा दोष हाच होय.

हा दोष केवळ कलेचा म्हणून सोडून देता येत नाही. वेष म्हणजेच माणूस, असे एकदा ठरले की वेषावर हुकूम चालविण्याचा मोह होतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी मना केली. याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली संन्यास घेतला, तेव्हा त्यांना येथलाच वेष आपलासा वाटला.

आपल्या नाताळच्या नाटकांचेच पाहा. मेंढपाळ होणाऱ्या मुलाच्या डोक्यास टॉवेल गुंडाळून आपण मोकळे होतो. घोंगडी खांद्यावर टाकून मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर आपल्याच वाटेवर भेटतो. त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही.