सोवळे आणि शुश्रूषा : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या पुष्कळ घरांत आहेत आणि बहुधा एकाच कारणासाठी वाचली जातात. पती ख्रिस्ती होतो, पत्नी दुरावते, पुढे १९०० साली तीही बाप्तिस्मा घेते. एवढी कथा सांगितली की पुस्तक सांगून झाले, असे आपण धरून चालतो. टिळक दाम्पत्य आपल्या पंथाचे नव्हते, म्हणून आपण कॅथलिक वाचक त्यांच्याकडे थोडे दुरूनच पाहतो, हेही खरे. आम्हांला मात्र या ग्रंथात धर्मांतराइतकाच ठळक असा दुसरा एक धागा दिसतो. तो आहे देहाचा. देह धुवावा कशासाठी आणि कोणाचा, हा प्रश्न या पुस्तकात पहिल्यापासून आहे.

आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील येतात. १८५७ च्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या मनात सोवळे असे शिरले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. जलालपूर गोदावरीच्या काठचे, तेव्हा पाण्याला तोटा नव्हता; पण ते पाणी ओढून सोवळे सांभाळायचे कोणी? घरातल्या बायकामुलींनी. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, आणि हसता हसता वाचकाच्या ध्यानात येते की या घरात स्वच्छता अपरंपार आहे, पण आरोग्य नाही. धुणे चालले आहे ते विटाळाच्या भयाने. येलदरीच्या धरणाकाठी राहणाऱ्या आम्हांला हे प्रकरण अधिक बोचते. आमची पूर्णा पुढे त्याच गोदावरीला मिळते. तिला अडवून एवढा जलाशय झाला, त्यावर वीजही निघाली. तरीही 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मराठवाड्याला कोणी शिकवावी लागत नाही. पाण्याचे मोल ज्याला घागरीने कळते, त्याला ते धुणे पाहून हसू येते आणि मागोमाग रागही येतो.

हे सोवळे लक्ष्मीबाईंच्या अंगातही मुरलेले होते. नगरला पतीजवळ येऊन राहिल्यावरही काही काळ त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली. ते कसे गळून पडले याचा वृत्तांत म्हणजे या ग्रंथाचा गाभा, असे आमचे मत आहे. बाप्तिस्म्याचा प्रसंग त्यामानाने साधा वाटतो. खरी कसोटी लागते ती प्लेगात. नगरच्या मिशनच्या शाळेतील मुली आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला ही बाई गेली. जिच्या माहेरी बाहेरच्या माणसाचा स्पर्श चालत नसे, तिने परक्या, आजारी मुलींचे अंग पुसले. या ठिकाणी लेखिका एकही प्रवचन करीत नाही, हे तिचे मोठेपण. आपल्यापैकी एखाद्याच्या हाती हा प्रसंग लागता तर त्यावर तीन पाने उपदेश झाला असता!

आज आपल्याला ठाऊक आहे की गाठीचा प्लेग मुख्यत्वे उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ साली हे दाखवून दिले. पण त्यांचे म्हणणे सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. तोवर लोक स्पर्शालाच भीत होते. म्हणजे ज्या स्पर्शाच्या धास्तीने माणसे आप्तांनाही सोडून पळाली, तो त्या रोगाचा मुख्य वाहक नव्हताच.

त्याच प्लेगच्या काळात वांद्र्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून क्रूस उभे राहिले. आजही ते तेथे आहेत. त्या क्रुसांपाशी आपल्या पूर्वजांनी केलेल्या प्रार्थनेला आम्ही अंधश्रद्धा म्हणणार नाही. मात्र आपल्या बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे, आणि त्याच्या ३८ व्या अध्यायात आजारी माणसाला दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत : परमेश्वराची प्रार्थना कर, आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात हा ग्रंथ नाही. गंमत अशी की लक्ष्मीबाईंनी तो आचरला, आणि ज्यांच्या घरी तो आहे ते आपण नोव्हेना संपेपर्यंत दवाखाना पुढे ढकलतो.

शुश्रूषेला केवळ व्यवस्था पुरत नाही, हे पंडिता रमाबाईंनी याच सुमारास दाखविले. पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयातील मुलींच्या हालांविषयी त्यांनी १८९७ साली 'बाँबे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळला, पण रमाबाईंनी विचारलेला प्रश्न उरलाच : ज्या देहाला औषध द्यायचे, त्याची अब्रू राखायची की नाही? रमाबाई आवाज चढवून बोलतात, लक्ष्मीबाई शांतपणे कामाला लागतात. दोघींचे म्हणणे एकच आहे.

'स्मृतिचित्रे'विषयी आमची एक तक्रार आहे. टिळकांनी हातचे सारे देऊन टाकावे, वाटेल त्याला घरी आणावे, घरात काय शिल्लक आहे याची फिकीर करू नये, आणि पत्नीने ते निभावून न्यावे, याचे इतके मोहक चित्र येथे उतरले आहे की त्यात तिच्या देहाची झालेली झीज दिसेनाशी होते. स्वतःच्या दुखण्याची त्या थट्टा करतात आणि वाचक त्यांच्यासंगे हसून पुढे जातो. ही थट्टा वाङ्मय म्हणून अप्रतिम आहे. कित्ता म्हणून ती धोक्याची आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी माउल्या दुखणे अंगावर काढतात आणि आपण त्याला क्रूस वाहणे असे नाव देतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली दुःखाच्या अर्थावर पत्र लिहिले, तेव्हा अखेरीस ते दयाळू शोमरोन्याकडेच वळले : दुःख पाहिलेल्याने थांबावे, जखम बांधावी. वाटेवर पडलेल्याने निमूट पडून राहावे, असा काही त्या दाखल्याचा अर्थ नाही. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा तर जीवन आणि शारीरिक आरोग्य ही देवाची मौल्यवान देणगी मानते व त्यांची योग्य काळजी घ्यायला सांगते. देहाचे देव्हारे माजवू नका, असेही लगोलग बजावते. पण आमच्या खेड्यांतून त्या दुसऱ्या इशाऱ्याची गरज अजून फारशी पडलेली नाही.

टिळक १९१९ साली मुंबईस वारले. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत जगल्या, आणि अखेरच्या वर्षांत लिहीत राहिल्या. ग्रंथाचा चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. उरलेला मजकूर चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला.