पासंग वजा केल्यावर

मराठीत अतिसंवाहकतेवर लेख आला की दोन गोष्टी हमखास येतात: शून्य विद्युतरोध आणि तरंगती रेल्वे. चुंबकीय मोजमापाला फार तर एखादी ओळ मिळते. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. नमुन्यातला एखादाच बारीक तंतू अतिसंवाहक असला, तरी प्रवाह त्या वाटेने निघून जातो आणि मापक शून्य रोध दाखवतो. अख्खा तुकडा बदलला का, हे ठरते १९३३ साली माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांना दिसलेल्या गुणावरून: अतिसंवाहक आपल्या पोटातले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांना शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक होताना आढळला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ने तो निबंध प्रसिद्ध केला. कौतुक झाले ते थंडीचे. मला मोठा वाटतो तो दुसराच आकडा. बिस्मथची ही अवस्था मोडायला जेमतेम ५.२ मायक्रोटेस्ला क्षेत्र पुरते. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे चाळिसाच्या वर. आमच्या मुरुडच्या अडतीवर माल टाकण्याआधी रिकाम्या काट्याचा पासंग बघतात. इथे पासंगच मालाच्या आठपट! तो अडवल्याशिवाय काही दिसणेच शक्य नव्हते. त्यातून बिस्मथ मुळातच प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकाला किंचित दूर सारणारा. अतिसंवाहक झाल्यावर हा नकार हजारो पटींनी वाढतो, म्हणून दोहोंत गल्लत होत नाही. निबंधाच्या शीर्षकात ही अतिसंवाहकता सबंध नमुन्याची असल्याचे म्हटले आहे, आणि तो सगळा दावा याच मोजणीवर उभा आहे. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन असतो; बार्डीन, कूपर, श्रीफर यांचा प्रस्थापित सिद्धांत इथे चालत नाही, हे लेखकांनी स्वतःच लिहिले आहे. सिद्धांत अपुरा असताना मोजमापावरच विसंबावे लागते.

२०१८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २३६ केल्विनला अतिसंवाहकता मिळाल्याचा दावा आला, तेव्हा चर्चा पुन्हा तापमानाचीच. ब्रायन स्किनर यांनी मात्र चुंबकीय आलेख पाहिला. दोन निरनिराळ्या क्षेत्रांत घेतलेल्या मोजणीतला गोंगाट, जो दर वेळी वेगळा यायला हवा, तो बऱ्याच भागात ठिपक्याला ठिपका जुळत होता. हे ओळखायला उच्च गणित लागत नाही, दहावीच्या मुलालाही दिसेल. पण तो आलेख मराठी लेखांतून त्याच्यासमोर यायला तर हवा.