पीएच.डी.साठी कुठला सिंथ घेऊ?

"दादा, इलेक्ट्रॉनिक संगीतावर काम करायचंय, कुठला सॉफ्टवेअर सिंथ घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्यानं तोवर तुलनेचे दहा-बारा व्हिडिओ पाहिलेले असतात. प्रीसेट किती, आवाज किती 'जाड', सीपीयू किती खातो, एवढंच त्यात असतं. गाणी करणाऱ्याला ते पुरेसं असेल, पण सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुम्हाला नाही. हे पुस्तकी शहाणपण नाही बरं का. माझ्या पायलट स्टडीचा सगळा डेटा याच कारणानं वाया गेलाय.

प्रयोग साधा होता. षड्ज धरून ठेवायचा आणि त्यावर दोन वेगळे गंधार वाजवायचे. एक कीबोर्डवरचा, समान विभागणीचा, म्हणजे ४०० सेंटचा. दुसरा ५:४ गुणोत्तराचा, साधारण ३८६ सेंटचा. ऐकणाऱ्यानं कुठला जास्त जुळलेला वाटतो ते सांगायचं. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर ५:४चा गंधार बरोबर ३००वर येतो आणि कीबोर्डचा सुमारे ३०२.४वर. फरक जेमतेम अडीच हर्ट्झचा. आवाजासाठी मी एका वेव्हटेबल सिंथमधला मला आवडणारा प्रीसेट उचलला. एकदम भरलेला, झकास आवाज!

उत्तरं आली ती नाणेफेक केल्यासारखी. दोन आठवडे मी आकडेमोडीत चूक शोधत बसलो. चूक प्रीसेटमध्ये होती. त्यात युनिसन चालू होतं, म्हणजे एक पट्टी दाबली की सात आवाज वाजतात, एकमेकांपासून किंचित सरकवलेले. दोन टोकांमधलं अंतर होतं २० सेंट. मी मोजायला निघालो होतो १४ सेंटचा फरक आणि माझा प्रत्येक गंधार स्वतःच २० सेंट रुंद! शिवाय प्रत्येक आवाजाची सुरुवातीची फेज रँडम होती. मी पट्ट्या समोर बसून दाबत होतो, त्यामुळे कुठल्याही दोन श्रोत्यांनी नेमका तोच आवाज ऐकलाच नव्हता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि शुद्ध साइन लहरी घेतल्या. तिथेही फसलो, आणि हे फसणं जास्त शिकवणारं होतं. आवाजात हार्मोनिक असतील तर षड्जाचा पाचवा हार्मोनिक १२०० हर्ट्झवर पडतो. ५:४च्या गंधाराचा चौथाही १२००वरच, म्हणून ते दोघं एकमेकांत मिसळून जातात. कीबोर्डच्या गंधाराचा चौथा मात्र १२०९.५च्या आसपास. त्यातून सेकंदाला नऊ-दहा विस्पंद, म्हणजे बारावीच्या फिजिक्समधले बीट्स, तयार होतात आणि कानाला जी खरखर जाणवते ती हीच. साइनमध्ये चौथा नाही आणि पाचवाही नाही. ज्या खुणेवरून कान निवड करणार, तीच मी काढून टाकली होती. तेव्हा सिंथ कुठला आणि त्यात लहर कुठली, हे परिशिष्टात ढकलू नका. ते पद्धतीच्या प्रकरणातच यायला हवं.

आता नावं. व्हायटल हा मॅट टायटेल यांचा २०२०मधला वेव्हटेबल सिंथ, मूळ आवृत्ती फुकट. कुठला एलएफओ कुठली कळ हलवतोय हे पडद्यावर हलताना दिसतं, म्हणून शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं काही मला दिसलेलं नाही. पण त्याचा जीव संगीतकारात आहे. फेज रँडम करणारी कळ आधी शोधून शून्यावर आणा, मगच मोजमापाला बसा. माझा टेक्नो करणारा मित्र हे ऐकून म्हणाला, "अरे, तीच तर मजा आहे!" बरोबर आहे त्याचं. प्रत्येक स्वर तंतोतंत सारखा सुरू झाला तर ट्रॅक शिलाई मशीनसारखा वाजतो. त्याला हवं ते मला नको, एवढंच.

डेक्स्ड हा यामाहाच्या १९८३च्या डीएक्स-७चा अवतार: सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम. एफएम सिंथेसिसवरचा जॉन चाउनिंग यांचा १९७३चा पेपर डेक्स्ड शेजारी उघडा ठेवून वाचा. मॉड्युलेशनची पातळी वाढवली की बाजूचे पट्टे कसे फुटत जातात ते ऐकू येतं. एक मात्र सांभाळा. डेक्स्डमध्ये इंजिन निवडता येतं, एक आधुनिक, एक जुन्या यंत्राच्या जवळ जाणारं. नुसतं 'डेक्स्ड वापरले' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला निम्मीच गोष्ट कळते.

मी शेवटी सर्ज एक्सटीवर स्थिरावलो. मूळचा विकत मिळणारा सर्ज २०१८मध्ये मुक्त स्रोत झाला. दिसायला गर्दीचा आहे, पहिला आठवडा वैताग येतो, मॅन्युअल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. पण त्यात स्काला फाइल घालून स्वरांची विभागणी आपल्याला हवी तशी करता येते. म्हणजे माझे दोन गंधार दोन फाइलींत लिहिलेले राहतात, पिच-बेंडच्या अंदाजावर नाही. पायथनमधूनही तो चालवता येतो. आणि परीक्षकाला माझा पॅच उघडायला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. कोड लिहायची भीती नसेल तर सुपरकोलायडर किंवा सीसाउंड याहून चोख. तिथे अख्खा आवाजच मजकूर म्हणून प्रबंधात छापता येतो. मी तिकडे गेलो नाही, कारण माझे सहभागी वादक होते आणि त्यांना हातात कळा हव्या होत्या.

कुठलाही सिंथ पक्का करण्याआधी एक चाचणी आज रात्रीच करा. सॅम्पलिंग ४४,१०० ठेवा, फिल्टर आणि इफेक्ट बंद, एकच सॉ लहर, ३००० हर्ट्झ. डब्ल्यूएव्ही काढून ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम बघा. रेषा फक्त ३०००च्या पटीत दिसायला हव्यात. पण २२,०५०च्या वरचं काही या सॅम्पलिंगमध्ये मावत नाही, ते खाली दुमडून परत येतं. दहावा हार्मोनिक ३०,०००चा, तो १४,१००वर उगवतो; अकरावा ११,१००वर, बारावा ८,१००वर. तिथे ठळक रेषा दिसल्या तर समजा की तुमचा सिंथ तुम्ही न मागितलेले स्वर वाजवतोय. सर्जमध्ये 'एलियस' नावाचा ऑसिलेटर आहे, तो मुद्दाम हाच गोंधळ घालतो. आधी तो लावून बघा, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते कळेल.