खवले आणि व्रण : गोजिराच्या कव्हरांबद्दल

जपानी राक्षसपटांची कव्हरं बहुतेक वेळा फार सुंदर काढलेली असतात. माझी तक्रार त्याच सौंदर्याबद्दल आहे.

२००७-०८च्या सुमारास नागपुरात व्हीसीडीचा सुकाळ होता. मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणल्यावर घरोघरी तबकड्यांचे ढीग साचले. बर्डीच्या फुटपाथवर त्याहून स्वस्त माल पातळ प्लास्टिकच्या पाकिटात मिळायचा. अशाच एका पाकिटावर कम्प्युटरवर घडवलेला, खवल्याखवल्यांचा, दात विचकलेला प्राणी होता आणि खाली पेटलेलं शहर. आतून निघाला १९७३चा 'गॉडझिला व्हर्सेस मेगालॉन'. त्यात रबरी सूटमधला गॉडझिला शेपटीवर घसरत येतो आणि हवेत आडवा होऊन दोन्ही पायांनी लाथ घालतो. आम्ही भावंडं पोट धरून हसलो.

त्या हसण्यात कव्हरचा वाटा मोठा होता. तो सूट एरवी इतका हास्यास्पद वाटला नसता. कव्हरने जे दाखवलं त्याच्या शेजारी तो बिचारा उघडा पडला.

यात एक तांत्रिक गंमतही आहे. व्हीसीडीवरचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचं. रात्रीचा प्रसंग असला की राक्षसाची कातडी म्हणजे नुसता करडा धब्बा. छापील कव्हरवर मात्र एकेक खवला मोजता यायचा. म्हणजे गोजिराची कातडी कशी असते याचं आमचं सगळं ज्ञान कव्हरवरून आलेलं, चित्रपटातून नव्हे. आणि या राक्षसाच्या बाबतीत कातडी हाच तर मुद्दा आहे.

मूळ 'गोजिरा' जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ला प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवर किरणोत्सारी राख पडली होती. त्यांच्यातले आयकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. सहा आठवड्यांनी लोक थिएटरात बसले, आणि इशिरो होंडाच्या चित्रपटाची सुरुवातच समुद्रात अचानक लखलखाट होऊन पेटणाऱ्या एका बोटीने झाली. ते पाहताना थिएटरात काय शांतता असेल! त्या गोजिराच्या अंगावर मगरीसारखे नीटनेटके खवले नाहीत. खडबडीत, वितळून गोठल्यासारखी कातडी आहे. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या अंगावर जे जाड व्रण उमटले होते, त्यांच्याशी ती नातं सांगते. तो हल्लेखोर आहे आणि भाजलेलाही आहे.

आत होता हारुओ नाकाजिमा. पहिला सूट शंभर किलोंहून जड होता. दिव्यांच्या उष्णतेत त्यात काही मिनिटांपलीकडे टिकणं अवघड. त्याची जड, फरफटणारी चाल थोडी कॅमेऱ्याची गती वाढवून मिळवलेली आहे आणि थोडी खरोखरच्या वजनाची. ज्या सूटला आपण हसतो तोच सूट पहिल्या चित्रपटात दुःखाचं वजन पेलतो. कव्हर काढणाऱ्यांना मात्र त्याची लाज वाटते.

ही लाज फुटपाथवर सुरू झालेली नाही. 'मेगालॉन' १९७६मध्ये अमेरिकेत आला तेव्हा पोस्टरवर दोन्ही राक्षस वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांवर उभे होते. चित्रपटात न्यूयॉर्क औषधालाही नाही. शेवटची मारामारी तर शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर होते. त्याच वर्षी नवा 'किंग काँग' त्या मनोऱ्यांवर चढणार होता, त्या लाटेवर हात धुऊन घेतले, झालं.

उलट टोकाला नोरियोशी ओराई. १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चं आंतरराष्ट्रीय पोस्टर काढणारा हाच माणूस. १९८४पासूनच्या गॉडझिलांची त्याची पोस्टरं मी तासन्‌तास पाहिली आहेत. रंग असा, की आग कागदाच्या आतून येतेय असं वाटावं. इथे लबाडी नाही, भक्ती आहे. पण भक्तीत मूर्ती नेहमीच मूळ माणसापेक्षा देखणी होते. ओराईचा गॉडझिला देव आहे. देव भाजत नाही.

आपल्याकडेही हा राक्षस येऊन गेला. १९६६चा 'गोगोला', दिग्दर्शक बलवंत दवे, भूमिकेत तबस्सुम. समुद्रातून वर येणारा राक्षस आणि गाणी, असा अस्सल मुंबई मामला. चित्रपट आज पाहायला मिळत नाही. गाणी उरली आणि थोडीफार प्रसिद्धीची चित्रं. इथे वेष्टनाने आतल्या मालाला केव्हाच मागे टाकलं आहे. (नागपुरात जपान म्हटलं की आधी भदंत सुरई ससाई आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस आठवतं. गोजिराचा नंबर बराच नंतर लागतो.)

२०१९मध्ये क्रायटेरियनने आपला हजारावा क्रमांक गोजिरासाठी राखून १९५४ ते १९७५चे पंधरा चित्रपट एका संचात काढले. शेल्फात मावणार नाही एवढं मोठं पुस्तकच ते. कात्सुया तेराडा, युको शिमिझू, बिल सिएनकिविच, जेफ डॅरो असे एकाहून एक चित्रकार त्यात आहेत. सत्तरच्या दशकातल्या धमाल चित्रपटांना ही रंगांची जत्रा शोभते, लाथ मारणाऱ्या गॉडझिलाला असाच थाट हवा. पण १९५४चा चित्रपट त्याच जत्रेत पहिल्या दुकानावर बसवलाय, हे मला खटकतं. त्यात एक आई जळत्या शहरात मुलांना कवटाळून सांगते, की आपण आता बाबांकडे जाणार आहोत. तिच्यासाठी पुट्ठ्यावर जागा नाही.

सूटची लाज न बाळगणारं कव्हर शक्य आहे का? आहे. ओबायाशीच्या १९७७च्या 'हाउसू'साठी सॅम स्मिथने काढलेलं, क्रायटेरियनच्या २०१०च्या प्रतीवरचं चित्र बघा. ओरडणाऱ्या मांजराचा नुसता चेहरा, भडक नारिंगी, लहान मुलाने कापून चिकटवल्यासारखा. चित्रपटातल्या करामती मुद्दामच पोरकट आहेत आणि कव्हर ते पहिल्या नजरेत कबूल करून टाकतं. आत जे आहे तेच बाहेर. त्यामुळे चित्रपट बघताना हसू येतं, पण ते त्याच्यासोबत येतं, त्याच्यावर नाही.

आता कव्हरच उरलेलं नाही, थंबनेल आहे. नेटफ्लिक्सच्या इंजिनियरांनी २०१७मध्ये स्वतःच लिहून सांगितलं, की एकाच चित्रपटासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळं चित्र दाखवलं जातं. रोमान्स पाहणाऱ्याला जोडपं, कॉमेडी पाहणाऱ्याला विनोदी नट. कामाच्या निमित्ताने मी अशा प्रणाली जवळून पाहतो. आत हिशोब साधा असतो: कोणत्या चित्रावर अंगठा थांबतो आणि थांबल्यावर माणूस पुढे बघत राहतो का. पुट्ठ्यावरचं खोटं निदान सगळ्यांना सारखं होतं, त्यावर चारचौघांत भांडता यायचं. माझ्या फोनवरचं चित्र तुम्ही पाहिलेलंच नसेल तर भांडायचं कशावर? आणि अंगठ्याएवढ्या चित्रात कातडी पुन्हा करडा धब्बाच, व्हीसीडीसारखी.

तरी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती माझ्या तक्रारीत बसत नाही. २०२४च्या जूनमध्ये 'गॉडझिला मायनस वन' नेटफ्लिक्सवर आला. माझ्या प्रोफाइलवर जबडा उघडलेला गॉडझिला होता, आईच्या प्रोफाइलवर लहान मुलीला जवळ घेतलेली नोरिको. राक्षसाचा पत्ताच नाही. युद्धानंतरच्या एका मोडक्या घराची गोष्ट आहे असं समजून आईने तो लावला. गॉडझिला आला तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, "हे काय रे?" म्हणाली, आणि शेवटपर्यंत बघत बसली.