कुस्तीचा फड व त्याचे कागद : ‘मल्लविनोद’ आणि तत्सम ग्रंथांचें परीक्षण

मल्लविद्येच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आपल्याकडे तीन ग्रंथ पुढें केले जातात. पहिला, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’तील ‘मल्लविनोद’, दुसरा ‘मल्लपुराण’, आणि तिसरा बडोद्याचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ (१९३६–४९). तिहींचें मोल निर्विवाद आहे. तथापि परभणी जिल्ह्यासारख्या प्रांतांतील कुस्तीचा इतिहास लिहूं जातां हीं साधनें एका प्रश्नापाशीं अडतात. तो प्रश्न असा कीं, कुस्त्यांचा फड भरविला कोणीं, आणि त्याचा पैका आला कोठून?

सोमेश्वराची कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८ ची. त्याचें बिरुदच ‘भूलोकमल्ल’ होतें, आणि आजचा परभणीचा मुलूख त्याच्याच राज्यांत मोडत असे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड १९३९ सालीं संपादिला; मल्लविनोद त्यांतच आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, भार उचलण्याचे, पोहण्याचे व स्तंभावरील श्रम यांचें त्यांतील वर्णन तपशीलवार आहे. परंतु हें सर्व राजाच्या आसनावरून पाहिलेलें आहे, हें प्रकरणाचें नांवच सांगतें. मल्ल पोसावयाचे राजानें, झुंजवावयाचे राजानें, व बक्षीस द्यावयाचें तेंही राजानेंच. फड भरविणारा व पाहणारा येथें एकच असल्यामुळें फडाच्या व्यवहाराचा विचार ग्रंथकारास करावाच लागला नाहीं.

‘मल्लपुराण’ (संपादक सांडेसरा व मेहता, बडोदें, १९६४) याची दृष्टि निराळी. ज्येष्ठीमल्लांच्या पेशाची प्रतिष्ठा त्यांत सांगितली असून मल्लाची बाजू प्रथमच कळते. पण तें पुराण आहे, वही नव्हे. ज्ञानकोशाचा हेतु शिक्षणाचा. त्यांत डाव, पेंच व साधनें शोधावीं. जें ज्याचें काम नव्हे तें त्याकडून मागणें अन्यायाचें होईल. दोष ग्रंथकारांचा नसून, या ग्रंथांवरून अखिल महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास राजाश्रयाचाच होता असें अनुमान काढणाऱ्यांचा आहे.

कोल्हापुरास तें अनुमान शोभतें. शाहू महाराजांनीं १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासानंतर रोमच्या रंगभूमीच्या धर्तीवर खासबागेचें मैदान बांधविलें व तें १९१२ सालीं पुरें झालें. परभणी जिल्हा मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि दरबार दूर हैदराबादेस. येथील कुस्ती गांवच्या जत्रेनें जगविली. अशा फडाची रीत जाणत्यांस ठाऊक आहे. वर्गणी गोळा होते, दवंडी पिटते, अलीकडे हस्तपत्रकें वाटतात. आरंभीं पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग रुपयांवर. आणि मानाची कुस्ती अगदीं शेवटीं. ही चढती भांजणी केवळ रूढि नव्हे. प्रेक्षक अखेरपर्यंत बसावा यासाठीं फड भरविणारानें योजिलेली ती युक्ति आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लोहें तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत कुस्त्यांची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. म्हणजे सोमेश्वराच्या खजिन्याची जागा प्रथम वर्गणीनें, व पुढें सार्वजनिक संस्थेनेंही घेतली.

तिसरा मार्ग तिकिटाचा. १९१० सालीं बेंजामिन नामक इंग्रज व्यवस्थापकानें गामास लंडनास नेलें. तेथें झिबिस्कोशीं झालेल्या झुंजीस २५० पौंडांचें बक्षीस होतें. तिकिटाच्या झुंजींत व्यवस्थापकाचा नफा प्रेक्षकांच्या गर्दीवर अवलंबून असतो, म्हणून नूरा कुस्तीचा मोह तेथें अधिक. जत्रेच्या फडांत पैका गांवाचाच असल्यानें जोड लावणारास गांवापुढें उत्तर द्यावें लागतें. अर्थात् गांवचा फड या दोषापासून मुक्तच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. तें ठरविण्यास कागद पाहिजेत.

ते कागद म्हणजे जत्रेचा जमाखर्च, वर्गणीच्या याद्या व हस्तपत्रकें. हस्तपत्रक हें ऐतिहासिक साधन कसलें, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु पेशवे दफ्तरांतील मुदपाकखान्याचे हिशेब आपण साधन मानतोंच कीं नाहीं? मात्र हस्तपत्रक ही जाहिरात आहे, साक्ष नव्हे. त्यांतील इनामाचा आंकडा खर्चाच्या वहीशीं ताडून पाहिल्यावांचून घेऊं नये. दोन्हीं मिळालीं तर जाहीर झालेलें इनाम खरोखर दिलें गेलें काय, जोडी कोणीं ठरविल्या, पंच कोण होते, हें सांगतां येईल. निजामी अमदानींतील दरबारी भाषा उर्दू असल्यामुळें परवानगीचे अर्ज पाहतांना मोडीबरोबर उर्दूचा जाणकारही पाहिजे. शिवाय हिंगोली १ मे १९९९ रोजीं वेगळी झाली. तत्पूर्वींच्या कागदांत ‘जिल्हा परभणी’ म्हणजे आजच्याहून मोठा मुलूख, हें विसरूं नये.

सोमेश्वराचा मल्लविनोद आठ शतकें टिकला, कारण पोथी म्हणून तो जपला गेला. गांवकऱ्यांची वही जत्रा उठतांच रद्दींत जाते. संग्राहकांनीं सनदा धुंडाळतांना तीही उचलून ठेवावी. अन्यथा पुढील अभ्यासकासही राजाचा विनोद तेवढा दिसेल, आणि ज्यांच्या पैशावर व शब्दावर फड उभा राहिला त्यांचें नांवही उरणार नाहीं.