युद्धपट बघताना एक प्रश्न: हा बोलतोय कोण?

पेटची तयारी सुरू झाली की मेसेज येतात. ‘ताई, सैनिकांच्या अनुभवांवरच्या चांगल्या डॉक्युमेंटरी सांग ना, विषय सुचायला मदत होईल.’ नावं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण फिल्म बघून विषय सुचणं वेगळं आणि फिल्म ‘सोर्स’ म्हणून वापरणं वेगळं. मी स्वतः यात आपटलेय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणींवर मी सिनॉप्सिस लिहीत होते. त्यात पीटर जॅक्सनच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) मधलं एका सैनिकाचं बोलणं मोठ्या उत्साहात टाकलं. गाईडनी पान उलटलं आणि विचारलं, “हा बोलतोय कोण? कधी बोललाय?” मला दोन्ही सांगता येईना. घरी येऊन फिल्म परत लावली, आणि लक्षात आलं की फिल्मही ते सांगत नाही.

तरीही ही फिल्म आधी बघाच. ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधलं सुमारे १०० तासांचं फुटेज आणि सुमारे ६०० तासांच्या मुलाखती यांतून ती काढली आहे. सुरुवातीला काळं-पांढरं, धक्के खात पळणारं चित्र असतं. पंचवीसेक मिनिटांनी ते पडदाभर पसरतं, रंग येतात, माणसं आपल्यासारखी चालायला लागतात. कॅमेऱ्याकडे बघून हसणारी पोरं, त्यांचे किडके दात... मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घशाशी आलं होतं. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग कमीजास्त असायचा, तो इथे संगणकावर सारखा केलाय. ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून मूक चित्रांतले शब्द ओळखून घेतलेत. मेहनत अफाट आहे.

आता गाईडच्या प्रश्नाकडे येऊ. पडद्यावर दिसणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. ऐकू येणारा आवाज मात्र म्हाताऱ्याचा आहे, कारण त्या मुलाखती मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकांत घेतलेल्या आहेत, म्हणजे युद्धानंतर जवळपास पन्नास वर्षांनी. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर येत नाही, गाव नाही, तारीख नाही. नावं येतात ती थेट शेवटच्या श्रेयनामावलीत. आणि प्रत्यक्ष हातघाईची लढाई येते तिथे तर फुटेजच नाही, म्हणून त्या काळच्या ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ मासिकातली चित्रं वापरलीत. सगळे आवाज मिळून एकच ‘सामान्य सैनिक’ तयार होतो, आणि तो पश्चिम आघाडीवरचा ब्रिटिश पायदळातला असतो. सिनेमा म्हणून हे चालतं. तुमच्या तळटीपेत मात्र या ‘सामान्य सैनिका’चं नाव काय लिहिणार?

याच्या जोडीला ‘द बॅटल ऑफ द सोम’ (१९१६) बघा. लढाई चालू असतानाच ही फिल्म ब्रिटनमध्ये लागली, आणि पहिल्या सहा आठवड्यांत तिची सुमारे दोन कोटी तिकिटं गेली असं सांगतात. तिच्यातला सगळ्यांत प्रसिद्ध शॉट खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचा आहे. तो आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम घडवून आणलेला होता असं अभ्यासकांचं मत आहे. पाठीवर पूर्ण सामान नाही, आणि कॅमेरा असा उघड्यावर की खऱ्या हल्ल्यात कॅमेरामन वाचलाच नसता. बाकी बरंच फुटेज खरं आहे. म्हणजे एकाच रिळात दोन्ही आहे. शॉट-शॉट तपासायची सवय लावायला याहून चांगला सराव मला माहीत नाही.

आता माझी सगळ्यांत लाडकी, आणि आपल्याकडे फार कमी लोकांनी बघितलेली फिल्म: फिलिप शेफनरची ‘द हाफमून फाइल्स’ (२००७). बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फला जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी होती. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांमधले मुसलमान आणि हिंदी सैनिक तिथे ठेवले होते. प्रशियाच्या फोनोग्राफिक आयोगाचे लोक अशा छावण्यांमध्ये जाऊन कैद्यांना कर्ण्यासमोर उभं करायचे आणि त्यांच्या भाषांचे नमुने तबकडीवर घ्यायचे. ११ डिसेंबर १९१६ ला मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई तिथे बोलला. तो ‘मी’ म्हणतच नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो: तो हिंदुस्थानात लोणी खायचा, मग युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय. सगळं मिळून दीड मिनिटही होत नाही. शेफनर अनेकदा पडदा काळा ठेवतो आणि फक्त आवाज ऐकवतो. जॅक्सनने आवाजाला दुसऱ्याचा चेहरा दिला. इथे चेहरा नसेल तर नाही.

आणि इथे प्रश्नांची उत्तरं मिळतात. आयोगवाले प्रत्येकाचा फॉर्म भरत: नाव, वय, गाव, धंदा, धर्म, येणाऱ्या भाषा. बोलायचा मजकूर सहसा आधी लिहून घेतलेला असे. म्हणजे कैदी मोकळेपणाने बोलत होता असंही नाही. त्यांना भाषा हवी होती, माणसाचं दुःख नको होतं. ते तबकडीवर कसं चढलं, यातच फिल्मचा जीव आहे. फिल्मची गती मात्र संथ आहे, मोबाईल बाजूला ठेवून बघा.

ही फिल्म बघितल्यावर मला आपली माणसं आठवली. एप्रिल १९१६ मध्ये कुतला शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या आठवणी ऐकायच्या तर कुठे जायचं? साताऱ्याकडच्या आपशिंग्यासारख्या गावात स्मारकाचा दगड आहे, पण दगडावर आकडा असतो, आवाज नसतो. माझा विषय शेवटी याच प्रश्नातून बदलला.

बाकीच्या थोडक्यात. ‘रेस्ट्रेपो’ (२०१०) अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यातल्या अमेरिकन तुकडीवर आहे. निवेदक नाही, आणि मुलाखती तैनाती संपल्यावर काही महिन्यांतच घेतलेल्या आहेत. जॅक्सनच्या पन्नास वर्षांशी तुलना करा, चेहऱ्यांवरच फरक दिसतो. ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) मध्ये दिग्दर्शक आरी फोलमनला १९८२ च्या लेबनॉन युद्धातलं स्वतःचंच आठवत नाही. तो जुन्या सोबत्यांना विचारत फिरतो आणि ते सगळं अॅनिमेशनमध्ये येतं. शेवटी एकदम खरं फुटेज येतं. रात्री एकट्याने बघू नका.

आणि जॉन ह्यूस्टनची ‘लेट देअर बी लाइट’ (१९४६). युद्धाने मनाने मोडलेले अमेरिकन सैनिक आणि त्यांचे उपचार. ही फिल्म लष्करानेच करून घेतली आणि लष्करानेच सुमारे पस्तीस वर्षं दाबून ठेवली. लष्कराचं म्हणणं, रुग्णांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. ह्यूस्टनचं म्हणणं, शूर योद्ध्याची प्रतिमा मोडते म्हणून दडपली. मला ह्यूस्टनचं जास्त पटतं. पण थरथरत्या आवाजात रडणारा तो पोरगा कॅमेऱ्यासमोर बसला तेव्हा त्याला ‘नको’ म्हणता आलं असतं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मुलाखती घेणार असाल तर तुमच्या संमतीपत्राचा मसुदा करण्याआधी ही बघा. तासाभराचीच आहे.